ओल आतून येते

मराठीत ‘गॅरेज’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो ऑइलने काळा झालेला फुटपाथ, जॅकवर चढवलेली गाडी आणि हातात पाना घेतलेला मेकॅनिक. इंग्लंडमध्ये गॅरेज म्हणजे घराच्या कडेला चिकटलेली, गाडी ठेवायची खोली. तिथे गाडी सोडून बाकी सगळं असतं: गवत कापायचं यंत्र, मुलांच्या जुन्या सायकली, रंगाचे अर्धे राहिलेले डबे. १९६० आणि ७० च्या दशकांत बांधलेली ही गॅरेजं आतून जेमतेम आठ फूट रुंद आणि सोळा फूट लांब. तेव्हाची चिमुकली मिनी तिथे आरामात मावायची. आजची गाडी आत घातली तर दार उघडून उतरायची पंचाईत. म्हणून लोक अडगळ बाहेर काढतात, पुढचं वर उचलायचं पत्र्याचं दार काढून तिथे भिंत आणि खिडकी बसवतात आणि घराला एक खोली वाढवतात.

माझ्या धाकट्या बहिणीनेही हेच केलं. मिडलंड्समधल्या एका गावात तिचं घर आहे. आई सहा महिन्यांच्या व्हिसावर जायची होती आणि तिला जिना झेपत नाही, म्हणून गॅरेजची खोली झाली. तिथल्याच एका कारागिराने विटांच्या भिंतीवर आतून एक इंची थर्माकोलचे तक्ते गोंदाचे गोळे लावून चिकटवले, त्यावर जिप्सम बोर्ड बसवला आणि पांढरा रंग दिला. ऑक्टोबरात खोली देखणी दिसत होती. जानेवारीत आईचा फोन आला : “अरे, या खोलीला आपल्या माळ्यावरच्या ट्रंकेसारखा वास येतोय.” कपाट पुढे ओढलं, तर मागच्या कोपऱ्यात काळ्या ठिपक्यांची रांगोळी.

मी पुण्यात सिव्हिल इंजिनिअर. पंचवीस वर्षं भिंती बांधून घेतोय. फोनवरच निदान करून टाकलं : “पाऊस विटेत मुरतोय. बाहेरून वॉटरप्रूफिंगचे दोन हात मार.” निदान बरंचसं चुकलं होतं आणि उपाय केला असता तर भिंतीचं आणखी नुकसान झालं असतं. आपल्याकडे भिंतीला ओल आली की आपण आभाळाकडे, गच्चीकडे किंवा वरच्या फ्लॅटच्या बाथरूमकडे बघतो. थंड देशात आधी आपल्या श्वासाकडे बघावं लागतं. आणि भिंतीला आतून ऊब द्यायला गेलं की तिची मागची वीट आणखी गार होते, ही गोष्ट मला तोवर कुणी सांगितली नव्हती.

अर्ध्या विटेची भिंत

इंग्लंडमधल्या घरांच्या बाहेरच्या भिंती १९२० नंतर हळूहळू दुहेरी झाल्या. बाहेर विटेचा एक पदर, मध्ये दोन-अडीच इंचांची पोकळी, आत दुसरा पदर. बाहेरच्या पदरातून झिरपलेलं पावसाचं पाणी पोकळीतच खाली उतरतं, आतला पदर कोरडा राहतो. गॅरेजच्या नशिबी मात्र ही चैन नसते. तिथे एकच पदर, १०२.५ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे अर्ध्या विटेची भिंत. आपला मिस्त्री तिला ‘चार इंची’ म्हणेल आणि घरातल्या दोन खोल्यांमधल्या आडभिंतीलाच वापरेल. ती डगमगू नये म्हणून ठरावीक अंतरावर विटेचे जाड खांब आतल्या बाजूला काढलेले असतात. गाडीला पाऊस लागू नये एवढाच या भिंतीचा उद्देश.

जमिनीचीही एक गंमत आहे. घरातून गॅरेजमध्ये उतरताना सहसा एक पायरी लागते, साधारण १०० मिलिमीटरची. गाडीतून पेट्रोल गळलं तर ते किंवा त्याची वाफ घरात शिरू नये, यासाठी ही सोय. खोली करताना ही चार इंच खोली वरदान ठरते, कारण जमिनीवर इन्सुलेशनचा थर घालून ती घराच्या पातळीला आणता येते.

आता या भिंतीतून किती उष्णता जाते ते पाहू. हिशोब गवंड्याच्या वहीत मावेल इतका सोपा आहे. उष्णता गरम बाजूकडून गार बाजूकडे जाते. किती वेगाने जाईल हे तीन गोष्टींवर ठरतं: दोन्ही बाजूंच्या तापमानातला फरक, भिंतीचं क्षेत्रफळ आणि भिंत किती अडवते ते. हा नियम फ्रेंच गणिती जोसेफ फूरिए याने १८२२ साली ग्रंथात मांडला, आणि बांधकामातलं उष्णतेचं आजचं सगळं गणित त्यावरच उभं आहे. एक चौरस मीटर भिंतीतून, आतबाहेर एका अंशाचा फरक असताना, किती वॅट उष्णता निसटते त्या आकड्याला यू-व्हॅल्यू म्हणतात. आकडा जितका लहान, तितकी भिंत चांगली.

अर्ध्या विटेच्या उघड्या भिंतीची यू-व्हॅल्यू साधारण ३.३ येते. बहिणीच्या खोलीच्या बाहेरच्या भिंती धरू १५ चौरस मीटर. आत २० अंश, बाहेर २ अंश, म्हणजे फरक १८. तिन्हींचा गुणाकार केला की जवळजवळ ९०० वॅट. म्हणजे एक हीटर नुसता भिंतीबाहेरची बाग तापवत बसतो. इंग्लंडच्या बांधकाम नियमांनुसार जुन्या भिंतीला आतून इन्सुलेशन करताना यू-व्हॅल्यू ०.३० पर्यंत आणावी लागते, आणि दाराच्या जागी नवी भिंत बांधली तर ०.१८. भिंत ०.३० ची झाली की तेच ९०० वॅट ८१ वर येतात, जुन्या काळच्या एका पिवळ्या बल्बपेक्षा थोडे जास्त.

बिलापेक्षा मोठा फरक अंगाला कळतो. बाहेर २ अंश असताना उघड्या विटेच्या भिंतीचा आतला पृष्ठभाग बारा अंशांच्या आसपास असतो. खोलीतली हवा वीस अंशांची असली तरी अशा भिंतीशेजारी बसलेल्या माणसाच्या अंगाची ऊब भिंत ओढून घेते. आई म्हणायची, “हीटर चालू आहे, पण डाव्या खांद्याला कुणीतरी फुंकर घालतंय.” फुंकर कुणीच घालत नव्हतं. तिचा डावा खांदा भिंतीच्या बाजूला होता, एवढंच.

अडवते ती हवा

इन्सुलेशनचं दुकान पाहिलं तर गांगरायला होतं: काचेचे तंतू, दगडाचे तंतू, थर्माकोल, पिवळसर फोमचे चंदेरी पाठीचे तक्ते, मेंढीची लोकर, लाकडाचा भुसा दाबून केलेले तक्ते. या सगळ्यांत काम करते ती एकच गोष्ट, थांबलेली हवा. स्थिर हवेची उष्णतावाहकता फक्त ०.०२५ आहे, विटेची तिच्या तीसपट. पण हवा मोकळी सोडली की ती फिरते, आणि फिरता फिरता उष्णता वाहून नेते. म्हणून तिला बारीक बारीक कप्प्यांत कोंडायचं. आजीची गोधडी हेच करते. जुन्या लुगड्यांच्या थरांमध्ये आणि टाक्यांच्या चौकटींमध्ये हवा अडकते, ऊब त्या हवेची. गणपतीच्या मखरासाठी आपण वर्षानुवर्षं कापला तो थर्माकोल तर जवळजवळ ९८ टक्के हवाच असतो.

काचेच्या किंवा दगडाच्या तंतूंच्या लोकरीची वाहकता साधारण ०.०३५ ते ०.०४०, थर्माकोलची ०.०३८ च्या आसपास. पिवळसर फोमच्या पेशींत हवेऐवजी हवेपेक्षाही मंद वायू भरलेला असतो, म्हणून त्याची ०.०२२. म्हणजे ०.३० गाठायला फोमचे तीन इंच पुरतात, तिथे लोकरीला साडेचार-पाच इंच लागतात. आठ फूट रुंदीच्या खोलीत हे दोन इंच म्हणजे पलंग आणि कपाट यांच्यामधून जायची वाट. म्हणूनच गॅरेजच्या कामात महाग असूनही बहुतेक लोक फोम घेतात. अमेरिकेत हिशोब वेगळा, कारण तिथल्या बऱ्याच गॅरेजच्या भिंती मुळात लाकडी चौकटीच्या असतात. दोन उभ्या लाकडांमधली रिकामी जागा आयतीच मिळते. तिच्यात काचेच्या लोकरीची गादी नीट बसवली की अर्धं काम झालं.

मात्र इन्सुलेशन ओलं झालं की सगळं मुसळ केरात. पाण्याची वाहकता ०.६, म्हणजे हवेच्या चोवीसपट. भिजलेला स्वेटर घालून बघा.

विटेमागचं धुकं

आता येतो मुख्य मुद्दा. २० अंशांच्या एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम पाण्याची वाफ मावते. ५ अंशांच्या हवेत मावते ७ ग्रॅमपेक्षाही कमी. बंद खोलीत झोपलेला एक माणूस रात्रभरात श्वासातून आणि त्वचेतून पाव लिटरच्या वर पाणी हवेत सोडतो. त्यात सकाळचा चहा, संध्याकाळच्या भाताची वाफ आणि हीटरवर वाळत घातलेली साडी मिळवा. खोलीतली हवा २० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेची असेल, तर तिचा दवबिंदू बरोबर १२ अंश येतो. १२ अंशांखालची जी वस्तू तिला भेटेल, तिच्यावर ती पाणी सोडेल. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो तसा.

उघड्या विटेचा आतला पृष्ठभाग कडक थंडीत या सीमेवरच असतो. आता त्यावर एक इंच थर्माकोल चिकटवा. खोलीकडची बाजू झकास ऊबदार होते, साडेसतरा अंशांच्या पुढे. पण थर्माकोलमागच्या विटेला आता खोलीची ऊब पोहोचतच नाही. ती उतरते पाच अंशांवर. तीन इंच फोम लावला तर तीनच्या खाली. जितकं चांगलं इन्सुलेशन, तितकी मागची वीट गार. यात कुणाची चूक नाही. ऊब खोलीत राहिली याचाच तो अर्थ.

पाच अंशांची वीट कोरडी राहते, जोवर खोलीतली दमट हवा तिच्यापर्यंत पोहोचत नाही तोवर. पण बहिणीच्या भिंतीत तिला रस्ते हवे तेवढे होते. तक्त्यांचे सांधे भरलेले नव्हते. गोंदाच्या गोळ्यांमुळे तक्ते आणि वीट यांच्यात बोटभर पोकळी राहिली होती. विजेच्या तीन खोक्यांसाठी बोर्डाला मोठी भोकं पाडली होती आणि तळाला फरशीपाशी लांबच लांब फट होती. भिंतीतून झिरपत जाणारी वाफ थोडीच असते. फटीतून हवेच्या पाठीवर बसून जाणारी वाफ तिच्या कितीतरी पट. ती मागे जाऊन विटेवर पाणी होत होती. थंडीभर रोज रात्री.

बुरशीला तर पाणी साचायचीही वाट पाहावी लागत नाही. पृष्ठभागालगतच्या हवेची आर्द्रता काही दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली की तिचं बस्तान बसतं. खोलीत तो पृष्ठभाग म्हणजे कपाटामागचा कोपरा, कारण तिथे हवा खेळत नाही आणि दोन बाजूंनी थंडी येते.

हे सगळं माझ्या ध्यानात आलं ते एका घरगुती परीक्षेमुळे. पुढच्या थंडीच्या सुरुवातीला बहिणीने बोर्ड आणि थर्माकोल उचकटून काढले. मग पोळ्या गुंडाळायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलचे वीतभर तुकडे चार ठिकाणी विटेवर चिकटवले, चारही कडांना चिकटपट्टी लावून हवाबंद. दोन दिवसांनी पाहिलं. युक्ती साधी आहे. फॉइलची खोलीकडची बाजू ओली असेल तर पाणी हवेतून आलंय. विटेकडची बाजू ओली असेल तर ते भिंतीतून आलंय. तीन तुकडे खोलीच्या बाजूने ओले होते. चौथा, फरशीजवळचा, मागून ओला होता. तिथे बाहेर पाहिलं तर आधीच्या मालकाने फुलझाडांच्या वाफ्याची माती भिंतीला टेकवून वर चढवली होती, डीपीसीच्या थराच्याही वर. जमिनीची ओल विटेतून वर चढू नये म्हणून घातलेल्या त्या थराला मातीने परस्पर वळसा घातला होता. फावड्याने अर्ध्या तासात तो प्रश्न मिटला. म्हणजे माझं निदान चारात एक मार्क मिळवून नापास.

आणि माझा उपाय? बाहेरून वॉटरप्रूफिंग केलं असतं तर विटेत शिरलेली वाफ बाहेर पडायची वाटच बंद झाली असती. इन्सुलेशनमुळे वीट आधीच गार. तिच्यातलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि विटेचे पापुद्रे सुटतात. भिंत कोरडी करायला जाऊन मी ती ओली ठेवून फोडली असती.

भिंत पुन्हा, थराथराने

दुसऱ्या वेळी काम बाहेरून आत असा विचार करून झालं. सर्वांत बाहेर जुनी वीट, तिचे झिजलेले सांधे भरून, पण वर कसलाही लेप न लावता. तिच्या आत २५ मिलिमीटरची मोकळी जागा, जेणेकरून पावसाचं झिरपलेलं पाणी लाकडाला भेटू नये. या मोकळ्या जागेला हवा लागावी म्हणून विटांच्या सांध्यांत खाली-वर छोटी भोकं. मग लाकडी उभ्या पट्ट्यांची स्वतंत्र चौकट, भिंतीला न टेकणारी, खाली डीपीसीच्या पट्टीवर उभी. चौकटीच्या विटेकडच्या बाजूला एक पातळ कापड ताणलेलं, पाणी अडवणारं पण वाफ सोडणारं, रेनकोटाच्या चांगल्या कापडासारखं.

पट्ट्यांमध्ये फोमचे तक्ते, घट्ट. कारागीर घाईत असला की तक्ता सैल कापतो आणि कडेला करंगळीएवढी फट ठेवतो. तिथून थंडी आणि वाफ दोघीही हसत हसत जातात. फटी फोमच्या पिचकारीने भरल्या. पण पट्ट्या स्वतःच लाकडाच्या, आणि लाकडातून उष्णता फोमच्या सहापट वेगाने पळते. दर दीड-दोन फुटांवर असा एक लाकडी पूल. म्हणून चौकटीवरून आडवा, सलग, आणखी २५ मिलिमीटर फोम. भिंतीच्या विटेच्या खांबांनाही याच सलग थराने गुंडाळलं. पहिल्या कारागिराने ते तसेच सोडले होते आणि बुरशी नेमकी त्यांच्या कडांना धरली होती.

त्यावर वाफरोधक पडदा. जाड पॉलिथिनचा, सांध्यांवर वीतभर चढवलेला, खास पट्टीने चिकटवलेला, फरशीला आणि छताला कडेने सील केलेला. याची जागा ऊबदार बाजूलाच हवी, म्हणजे इन्सुलेशनच्या आत, खोलीकडे. वाफेला गार जागी पोहोचण्याआधीच अडवायचं. हाच पडदा चुकून विटेकडे लावला तर तो अडवलेल्या पाण्याची पिशवी होतो.

पडद्याच्या पुढे आणखी २५ मिलिमीटरच्या लाकडी पट्ट्या आणि शेवटी साडेबारा मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड. या पट्ट्यांमुळे पडदा आणि बोर्ड यांच्यात एक इंचाची पोकळी राहते. विजेच्या तारा, बटणांची खोकी, सगळं या पोकळीत. तारांसाठी पडद्याला एकही भोक नाही. तारांनाही याचा फायदा होतो: इन्सुलेशनमध्ये गाडलेली तार स्वतःची उष्णता बाहेर टाकू शकत नाही आणि तापते. शिवाय थर्माकोलला टेकलेल्या तारेच्या पीव्हीसी वेष्टणातलं मऊपणा देणारं द्रव्य थर्माकोल ओढून घेतो. काही वर्षांनी वेष्टण कडक होऊन तडकतं.

सगळे थर मिळून सात इंच गेले. बहिणीला ते जिवावर आलं. पण भिंत दोन्ही बाजूंना करायची नव्हती. एका बाजूला तिचंच ऊबदार घर होतं. त्या भिंतीतून निसटलेली उष्णता घरातच राहते.

बाकीचं थोडक्यात. फरशीवर ओलरोधक पडदा, त्यावर फोम, त्यावर लाकडी तक्ते. खाली गेलेली ती चार इंच खोली इथे कामी आली. छताकडे दुर्लक्ष करायचं नाही, नियम तिथे भिंतीपेक्षा कडक आहे, ०.१६ चा. छत जुन्या सिमेंटच्या पत्र्याचं असेल तर त्याला हात लावण्याआधी थांबायचं. त्या काळच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ब्रिटनने त्यावर १९९९ मध्ये पूर्ण बंदी घातली आणि ते काढणं जाणत्या माणसाचं काम आहे. दाराच्या जागची नवी भिंत दुहेरी बांधायची आणि तिच्याखाली पाया आहे का ते उकरून पाहायचं, कारण दाराखाली बऱ्याचदा नुसता कोबा असतो. बाहेरून आकार वाढत नसेल तर नगररचनेची परवानगी सहसा लागत नाही. बांधकाम नियमांची तपासणी मात्र लागतेच, आणि तपासनीस बोर्ड लागण्याआधी येऊन पाहतो. पहिल्या वेळी त्याला बोलावलंच नव्हतं.

फोम जळतो, हेही सांगायला हवं. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला लागलेल्या आगीत ७२ माणसं गेली. आग पसरवण्यात मुख्य वाटा बाहेरच्या प्लॅस्टिक-भरल्या पत्र्यांचा होता, पण त्यांच्यामागचा फोमही पेटला. घराच्या आत फोम कधीही उघडा ठेवायचा नाही. जिप्सम बोर्डाचं कवच ही सजावट नव्हे. जिप्समच्या कणांत बांधलेलं पाणी आगीत वाफ होऊन जाईपर्यंत बोर्ड मागच्या थराला वाचवतो.

खोलीनेही श्वास घ्यावा

सगळ्या फटी बुजवल्या की एक नवा प्रश्न उभा राहतो. जुन्या गॅरेजमध्ये वारा हवा तिथून यायचा, म्हणून थंडी असली तरी ओल टिकत नव्हती. हवाबंद खोलीत पाव लिटर वाफ जाणार कुठे? म्हणून खिडकीच्या चौकटीच्या वर सतत उघडी राहणारी झडप आणि शेजारच्या न्हाणीघरात आर्द्रता वाढली की आपोआप चालू होणारा पंखा. इंग्लंडमध्ये पुष्कळ जण वारा येतो म्हणून या झडपा कागद कोंबून बंद करतात, आणि मग बुरशीला दोष देतात.

हा प्रश्न नुसता वासाचा नाही. डिसेंबर २०२० मध्ये रॉचडेल इथल्या एका सामाजिक गृहसंस्थेच्या भाड्याच्या घरात अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा मरण पावला. घरातल्या बुरशीशी दीर्घकाळ आलेल्या संबंधामुळे हा मृत्यू झाला, असा निष्कर्ष २०२२ मध्ये तिथल्या मृत्यू-चौकशी अधिकाऱ्याने नोंदवला. पुढच्याच वर्षी संसदेने अशा घरांच्या मालकांवर ओल आणि बुरशीची तक्रार ठरावीक मुदतीत सोडवायचं बंधन आणलं. त्या तरतुदीला लोक अवाबच्याच नावाने ओळखतात. घरमालक अनेकदा भाडेकरूला सांगत आलेत की तुमच्या राहणीमुळे ओल येते. श्वास घेणं आणि भात शिजवणं ही राहणी असेल, तर भिंत आणि खिडकीने ती पेलायला हवी.

आपल्याकडे उलट

हे सगळं वाचून कुणी मुंबईतल्या एसी खोलीच्या भिंतीला आतून पॉलिथिनचा पडदा लावायला निघेल, तर त्याला हाताला धरून थांबवायला हवं. जुलैच्या मुंबईत ऊबदार आणि दमट बाजू बाहेरची असते, गार बाजू आतली. वाफेचा प्रवास बाहेरून आत. तिथे आतून लावलेला प्लॅस्टिकचा वॉलपेपर हाच पाणी धरणारा गार पृष्ठभाग ठरतो, आणि हॉटेलांच्या खोल्यांत त्याच्यामागे बुरशी सापडते. नियम एकच, बाजू उलटी: वाफेला ऊबदार बाजूलाच अडवा.

वऱ्हाडातल्या वाड्यांच्या हातभर जाड मातीच्या भिंतींची थोरवी आपण गातो, ती योग्यच आहे. पण त्या भिंती इन्सुलेशन नव्हेत. त्या उष्णतेच्या कोठारासारख्या आहेत: दिवसभराचं ऊन पोटात घेतात आणि रात्री सोडतात, तोवर माणसं अंगणात झोपलेली असतात. दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक असेल तर ही युक्ती चालते. तीन महिने सलग गारठा असलेल्या इंग्लंडात ते कोठार भरणार कशाने? आणि आता आपण वाड्यातून चार-सहा इंची भिंतींच्या फ्लॅटमध्ये आलोय. म्हणूनच २०१८ मध्ये आलेल्या इको-निवास संहितेने घरांच्या छपराची यू-व्हॅल्यू १.२ च्या आत ठेवायला सांगितलं. आपले बिल्डर वापरतात ते हलके सिपोरेक्सचे ब्लॉक पुष्कळदा वजन आणि वेळ वाचवायला घेतलेले असतात. त्यांच्या पोटातली हवा विटेपेक्षा चार-पाच पट अधिक उष्णता अडवते, हा फायदा आपल्याला फुकट मिळतो.

आईचं माहेर आणि सासर दोन्ही रत्नागिरीकडे. पावसाळ्याआधी घराच्या पश्चिमेच्या भिंतीला नारळाच्या झावळ्यांची झड बांधायची, हे तिने चाळीस वर्षं केलेलं काम. भिंतीला बाहेरून छत्री. नव्या खोलीतलं सगळं थरांचं प्रकरण तिने दुसऱ्या फेरीत खुर्चीत बसून दोन आठवडे पाहिलं आणि शेवटी म्हणाली, “म्हणजे आपण झड बाहेरून बांधतो, ही आतून बांधते.” मी पंधरा पानं वाचून जे समजलो ते तिने एका वाक्यात गुंडाळलं.

मार्चमध्ये मी तिकडे गेलो होतो. भिंतीला हात लावून पाहिला. कोरडी आणि कोमट, लाकडी दारासारखी. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे होतं. टेबलावर बोटाएवढा आर्द्रतामापक, ५२ टक्के दाखवणारा. आईला भिंतीवर कालनिर्णय लावायचं होतं आणि बहीण अस्वस्थ होती, कारण खिळा म्हणजे पडद्याला भोक. मी हिशोब केला: साडेबारा मिलिमीटर बोर्ड, पुढे पंचवीसची पोकळी. एक इंची खिळा पडद्यापर्यंत पोहोचतच नाही. मी तसा खिळा शोधून आणला आणि ठोकला. आईने कालनिर्णय लावलं, मार्चचं पान वर केलं आणि मागे सरून पाहिलं. “थोडं डावीकडे हवं होतं,” ती म्हणाली. बहीण म्हणाली, “आता राहू दे.”